पायरसीविरोधी कायद्याच्या मसुद्यावर हरकत लिहायची कशी

मसुदा जाहीर झाला की आधी शेवटची तारीख बघा. केंद्र सरकारचं २०१४ चं धोरण सांगतं की कायद्याचा मसुदा निदान ३० दिवस लोकांसमोर ठेवावा. पण ते धोरण आहे, कायदा नव्हे. सिनेमॅटोग्राफ कायद्याच्या दुरुस्तीचा मसुदा १८ जून २०२१ ला आला आणि सूचना पाठवायची मुदत २ जुलैला संपली. गोव्यात तो भर पावसाचा महिना. वीज येते, जाते, नेट त्याच्याआधी जातं. म्हणून मसुदा दिसल्या दिवशीच उतरवून घ्या आणि छापून काढा. कागदावर रेघा मारत वाचल्याशिवाय कायद्याची भाषा निदान मला तरी उमगत नाही.

मी फोंड्याला वेबसाइट आणि छोटी ॲप बनवते. हॉटेलं, दवाखाने, एकदोन देवस्थानं हे माझं गिऱ्हाईक. त्या कमाईवर एक हौसेचं काम चालतं. गावोगावच्या उत्सवांत मराठी नाटकं होतात, त्यांची ध्वनिमुद्रणं आणि व्हिडिओ मंडळांनी स्वतः चढवायचे, पुढच्या वर्षी तालमीला ऐकायचे, अशी साइट आहे. त्यामुळे कायद्याच्या भाषेत मी ‘मध्यस्थ’ ठरते, म्हणजे दुसऱ्यांनी चढवलेला मजकूर साठवणारी. गूगलही मध्यस्थ आणि मीही मध्यस्थ. पायरसीविरोधी कलम लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर वकिलांचा अख्खा मजला बाळगणारी कंपनी असते. ते कलम लागू मात्र बाजाराजवळच्या माझ्या दोन खोल्यांनाही होतं. हरकत लिहिताना हे अंतर दाखवून देणं, हेच आपलं मुख्य काम.

काय लिहू नये

‘हा कायदा इंटरनेटचा गळा घोटतो’ असलं वाक्य लिहू नका. अधिकाऱ्याच्या टेबलावर तसल्या पत्रांचा ढीग असतो आणि त्याचा सारांश एका ओळीत होतो: काही लोकांचा विरोध आहे. ‘माहिती मुक्त असली पाहिजे’ हेही नको. नाटकाच्या सीडी विकून पडद्यांचं भाडं भागवणारी मंडळं मी बघितली आहेत. पहिल्या प्रयोगाचं मोबाइलवर उचललेलं चित्रण दुसऱ्या दिवशी व्हॉट्सॲपवर फिरतं तेव्हा त्यांचं खरंच नुकसान होतं. कलावंताला पैसे मिळाले पाहिजेत हे पहिल्या दोन ओळींत लिहा, मनापासून लिहा आणि पुढे चला. त्यावर पानभर सफाई देत बसू नका. चोराची बाजू घेतोय असं वाटेल म्हणून भलतीच नम्रता दाखवली की मूळ मुद्दा तिसऱ्या पानावर जातो, आणि तिथपर्यंत कुणी पोचत नाही.

माझं मत असं की विरोध हेतूला करायचा नाही, यंत्रणेला करायचा. तोही एका वेळी एका कलमाला. अमेरिकेतल्या सोपा (SOPA) आणि पिपा (PIPA) या पायरसीविरोधी विधेयकांचं उदाहरण सगळे देतात: १८ जानेवारी २०१२ ला निषेध म्हणून इंग्रजी विकिपीडिया दिवसभर काळा पडला आणि दोनच दिवसांत दोन्ही विधेयकं बाजूला ठेवावी लागली. यातला एक भाग कुणी सांगत नाही. डीएनएसच्या, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणाऱ्या यंत्रणेच्या पातळीवर साइट अडवण्याची तरतूद काढायची तयारी विधेयकं मांडणाऱ्यांनी त्या काळ्या पडद्याच्या आधीच, जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात दाखवली होती. का? कारण २०११ च्या मे महिन्यातच पाच डीएनएस तज्ज्ञांनी कागदावर मांडलं होतं की अशी अडवणूक आणि डीएनएसची सुरक्षा वाढवणारी नवी पद्धत या दोन गोष्टी एकत्र नांदू शकत नाहीत. घोषणा नव्हती, एक तांत्रिक विसंगती होती. आपल्याला विकिपीडिया बंद करता येत नाही. विसंगती मात्र शोधता येते.

आपल्याकडेही तेच दिसलं. २०२१ च्या त्या मसुद्यात पायरसीच्या शिक्षेसोबत आणखी एक तरतूद होती: सेन्सॉर बोर्डाने मंजूर केलेला चित्रपट सरकार पुन्हा तपासायला सांगू शकेल. चित्रपटवाल्यांनी नेमकं त्यावर बोट ठेवलं. २०२३ मध्ये कायदा झाला तेव्हा ती तरतूद त्यात नव्हती. पायरसीचा भाग राहिला: किमान ३ महिने ते ३ वर्षं कैद आणि ३ लाखांपासून चित्रपटाच्या लेखापरीक्षित निर्मिती खर्चाच्या ५ टक्क्यांपर्यंत दंड.

कलमाला विचारायचे प्रश्न

मसुदा पहिल्या पानापासून वाचू नका. जिथे ‘काढून टाकणे’, ‘प्रवेश रोखणे’ असे शब्द आहेत तिथे थेट जा आणि त्या कलमाला विचारा: काढा असं कोण सांगणार? किती वेळात? त्याआधी माझं ऐकून घेणार का? आणि तक्रार खोटी निघाली तर पान परत कोण लावणार?

तुलनेला मापदंड आपल्याच कायद्यात आहे. कॉपीराइट कायद्यात २०१२ ला दुरुस्ती झाली. कलम ५२(१)(सी) आणि २०१३ च्या नियमांतला नियम ७५ एकत्र वाचा. हक्कदाराची लेखी तक्रार आली की ३६ तासांत साठवणाऱ्याने ते पान बंद करायचं. तक्रारदाराला २१ दिवस मिळतात. तेवढ्यात त्याने न्यायालयाचा आदेश आणला नाही, तर पान पुन्हा सुरू करायला मोकळीक. ३६ तास मलाही थोडेच वाटतात, पण निदान दार उघडायची सोय आहे. नवा मसुदा याहून कडक असेल तर ‘२०१२ मध्ये संसदेने दिलेली परतीची वाट इथे का नाही’ असं विचारा. अधिकाऱ्याला स्वतःच्याच कायद्याचा हवाला टाळता येत नाही.

नोव्हेंबर २०२३ मध्ये माहिती व प्रसारण मंत्रालयाने चित्रपटांच्या पायरसीसाठी १२ नोडल अधिकारी, म्हणजे तक्रारी घेऊन आदेश देणारे अधिकारी, नेमले. त्यांच्या आदेशावरून ४८ तासांत दुवा काढायचा. तक्रार करणारा स्वतः हक्कदार नसेल तर तक्रार खरी आहे का हे ठरवायला अधिकारी सुनावणी घेऊ शकतो, असंही त्याच वेळी जाहीर झालं. म्हणजे सुनावणी अशक्य नाही. मग ज्याचं पान जाणार त्यालाही ती द्या, एवढीच एक ओळ मागायची. मिळण्याजोगी मागणी ती हीच.

वेळेचा मुद्दा किती टोकाला जातो ते इटलीत दिसलं. फुटबॉलचे सामने चोरून दाखवणाऱ्यांना अडवायला तिथे पायरसी शील्ड नावाची यंत्रणा फेब्रुवारी २०२४ पासून चालू झाली. तक्रार आल्यापासून ३० मिनिटांत इंटरनेट कंपन्यांनी पत्ता बंद करायचा. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्यात गूगल ड्राइव्हचाच एक पत्ता अडकला आणि इटलीभर लोकांच्या फायली काही तास उघडेनात. तीस मिनिटांत मी फोंड्याहून पणजीच्या वकिलाकडे पोचत नाही, बाणस्तारीला ट्रॅफिक नसला तरी.

अख्खी साइट की एक पान

हा मुद्दा सगळ्यांत महत्त्वाचा, म्हणून इथे वेळ घालवा.

२०१२ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने एका तमिळ चित्रपटासाठी अनोळखी चोरांविरुद्ध आदेश दिला. इंटरनेट कंपन्यांनी त्याचा अर्थ लावत विमिओ, डेलीमोशन, पेस्टबिन अशा साइट सरसकट बंद केल्या. जूनमध्ये न्यायालयाला स्पष्ट करावं लागलं की बंद करायची ती विशिष्ट पानं, अख्ख्या साइट नव्हेत. २०१७ च्या ऑगस्टमध्ये पुन्हा मद्रासच, या वेळी दोन हिंदी चित्रपट आणि अडीच हजारांहून जास्त पत्त्यांची यादी. त्या यादीत इंटरनेट अर्काइव्ह होतं. जुन्या मराठी पुस्तकांची आणि नाटकांच्या संहितांची स्कॅन केलेली पानं मी जिथून उतरवते ते ठिकाण. नाटकवेड्या माणसाला ते बंद होणं म्हणजे काय, हे ज्याला कळतं त्याला कळतं.

याउलट मुंबई उच्च न्यायालयाने, ज्याचं खंडपीठ आपल्या पर्वरीला आहे, २०१६ मध्ये वेगळा रस्ता धरला. न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी एका चित्रपट कंपनीला सांगितलं की साइटवर सगळाच बेकायदा माल आहे, दुसरं काहीच नाही, हे दाखवल्याशिवाय अख्खी साइट बंद करून मिळणार नाही. दुवे तपासून, शपथेवर यादी द्या. अडवलेल्या पानावर कोणत्या दाव्यातला आदेश आहे आणि तक्रार कुठे करायची हेही दिसलं पाहिजे. पुढच्याच महिन्यात अडवलेल्या पानांवर दिसणाऱ्या एका पाटीचा गाजावाजा झाला, त्यात नुसतं बघणंही ३ वर्षं कैदेचा गुन्हा आहे असं लिहिलं होतं. तेव्हा नुसतं बघणं हा गुन्हा नव्हे, हेही त्यांनीच स्पष्ट केलं. दिल्ली उच्च न्यायालयाने मात्र एप्रिल २०१९ च्या निकालात ‘सगळाच बेकायदा’ ही कसोटी मानली नाही. साइटचा मुख्य धंदा काय ते बघायचं, असं तिथे ठरलं आणि त्याच साइटची नवी प्रतिरूपं नव्या दाव्याशिवाय यादीत घालता येतील अशी सोयही झाली. दोन्ही निकाल हरकतीत लिहा. फक्त आपल्या सोयीचा लिहिला की समोरचा दुसरा काढतो.

आता तांत्रिक विसंगती. आज जवळपास सगळ्या साइट एचटीटीपीएसवर, म्हणजे मजकूर कुलूपबंद करून पाठवणाऱ्या पद्धतीवर चालतात. इंटरनेट कंपनीला तुम्ही कुठल्या साइटवर गेलात ते कळतं, तिच्यातलं कुठलं पान उघडलं ते कळत नाही. म्हणजे कागदावर ‘फक्त हे पान रोखा’ असं लिहून आदेश इंटरनेट कंपनीला पाठवला तर ती अख्खी साइटच रोखणार, दुसरं तिला करताच येत नाही. आयपी पत्ता, म्हणजे साइट जिथे ठेवली आहे त्या यंत्राचा आकडी पत्ता, रोखला तर आणखी वाईट, कारण स्वस्त होस्टिंगवर, म्हणजे साइट ठेवायच्या भाड्याच्या जागेवर, एकाच पत्त्यावर शेकडो साइट राहतात: एका बिऱ्हाडासाठी अख्ख्या चाळीला कुलूप. म्हणून मागणी अशी करा की आदेश आधी पान चढवणाऱ्याला, मग साइट चालवणाऱ्याला, मग होस्टिंगवाल्याला जावा. इंटरनेट कंपनीची पायरी शेवटची, आणि आधीच्या पायऱ्यांवर काय उत्तर आलं ते लेखी नोंदवूनच.

तुमचं स्वतःचं नुकसान

‘नवोन्मेषाला खीळ बसेल’ या वाक्याला किंमत शून्य. कुठली वस्तू बनवायची थांबली ते सांगा. माझ्या हरकतीतला परिच्छेद असा आहे:

‘मी गोव्यातल्या उत्सवी नाटकांच्या मुद्रणांची साइट चालवते. एका मंडळाने स्वतः गायलेल्या, स्वतः मुद्रित केलेल्या मानापमान नाटकातल्या पदावर एका संगीत कंपनीच्या यंत्राने आपला हक्क सांगितला. नाटककार खाडिलकर १९४८ साली निवर्तले, संगीतकार गोविंदराव टेंबे १९५५ साली. मृत्यूनंतर ६० वर्षं धरता शब्दांवरचा हक्क २००८ अखेर आणि चालीवरचा २०१५ अखेर संपला. मुद्रण मंडळाचं. तरी होस्टिंग कंपनीने एक पान नव्हे, माझं सबंध खातं गोठवलं. ते सुटेपर्यंत त्या गावचा उत्सव आटोपला होता. यानंतर मी दोन कामं थांबवली: उत्सवातल्या नाटकाचं थेट प्रक्षेपण, आणि चाल गुणगुणली की पद शोधून देणारी सोय. दुसऱ्या कामासाठी शेकडो मुद्रणांच्या प्रती यंत्रात ठेवून त्यांचं विश्लेषण करावं लागतं. प्रस्तावित कलमाखाली त्या प्रती गुन्हा ठरतील का, याचं उत्तर मसुद्यात नाही.’

यात भडक विशेषण एकही नाही. शब्द, चाल आणि मुद्रण यांचे हक्क वेगवेगळे असतात हे सांगितलं आहे, कारण यंत्राला ते कळत नाही आणि पुष्कळदा तक्रारदारालाही नाही. तुम्ही सॉफ्टवेअर लिहीत असाल तर कलम ५२ मधल्या संगणक प्रणालींच्या सवलती बघा: सुरक्षेसाठी दुसरी प्रत ठेवणं, दुसऱ्या प्रणालीशी जुळवून घेण्यासाठी आतली माहिती काढणं, अभ्यासासाठी तपासणं. २०१२ पासून कलम ६५ए खाली कॉपी होऊ नये म्हणून घातलेलं डिजिटल कुलूप तोडणं गुन्हा आहे, त्यात कायदेशीर कामांना सूटही आहे. नव्या मसुद्यात ती सूट गळली की काय, हे बघायलाच हवं. २०२० मध्ये अमेरिकेतल्या ध्वनिमुद्रण कंपन्यांच्या संघटनेच्या तक्रारीवरून यूट्यूब-डीएल हे व्हिडिओ उतरवून घेण्याचं साधन गिटहब या प्रोग्रॅम ठेवायच्या साइटवरून काढलं गेलं आणि महिन्याभरात परत आलं. ते परत यायला तिथे कायद्याची वाट होती आणि लढणारे वकील होते. त्याच जागी आपल्याकडचं विद्यार्थ्याचं प्रोजेक्ट असतं तर?

मागणी वाक्यात द्या

नुसता दोष दाखवला तर अधिकाऱ्याला काम वाढतं, पर्यायी वाक्य दिलं तर कमी होतं. कलमाचा क्रमांक, त्याखाली त्यांची ओळ, त्याखाली तुमची. माझ्या ओळी साधारण अशा असतात: ‘आदेशात विशिष्ट दुवा नमूद असेल.’ ‘साठवणाऱ्यास व सामग्री चढवणाऱ्यास आदेशाची प्रत व कारणे दिली जातील, तातडीमुळे आधी सुनावणी शक्य नसेल तर ७ दिवसांत दिली जाईल.’ ‘खोटी तक्रार करणारा नुकसानभरपाई देण्यास जबाबदार राहील.’ कॉपीराइट कायद्याचं कलम ६० बिनबुडाच्या धमकीविरुद्ध दाद देतं, पण त्यासाठी दावा लावावा लागतो. छोट्या माणसाला तो परवडत नाही, हेही लिहा.

आणखी एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून बघा. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९ए खाली साइट रोखण्याची कारणं ठरलेली आहेत, देशाची सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था वगैरे. कॉपीराइट त्यात नाही. त्या कलमाखालच्या २००९ च्या नियमांत गुप्तता आहे, आदेश बाहेर सांगायचा नाही. पायरसीची अडवणूक कुणी त्या दाराने आत आणू पाहील तर तिथेच विरोध करा.

आणि फुकटची सवलत मागू नका. गोव्यात २०२४ च्या जानेवारीत सरकारने परिपत्रक काढलं की लग्नसमारंभातल्या संगीतासाठी हॉटेलांनी किंवा हक्क सांभाळणाऱ्या संस्थांनी रॉयल्टीचा आग्रह धरू नये. साउंडवाल्या माझ्या दिराने पेढे वाटायचे तेवढे बाकी ठेवले होते. ऑगस्टमध्ये पर्वरीच्या खंडपीठाने ते रद्द केलं. कायद्यात लग्नासाठी सूट आहेच, पण परिपत्रकाने ती ताणता येत नाही. जे हवं ते कायद्याच्या मजकुरात आलं पाहिजे.

पाठवायचं कुठे

कॉपीराइटचा मसुदा असेल तर वाणिज्य मंत्रालयाखालच्या उद्योग व अंतर्गत व्यापार विभागाकडे, चित्रपटांचा असेल तर माहिती व प्रसारणकडे, मध्यस्थांचा असेल तर इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञानकडे. कॉपीराइट हा केंद्राच्या सूचीतला विषय, म्हणून आमदाराच्या मागे लागून वेळ घालवू नका. खासदारांना प्रत द्या. गोव्याचे लोकसभेत दोन आणि राज्यसभेत एक, म्हणजे तीन पाकिटांत राज्य संपतं. विधेयक संसदेच्या स्थायी समितीकडे गेलं तर ती वेगळ्या सूचना मागवते. तिथे पुन्हा पाठवा.

मी आधी मराठीत लिहिते, मग इंग्रजी करते आणि दोन्ही जोडते. मराठीत लिहिताना जे सांगता येत नाही ते मला कळलेलंच नसतं. दोन पानं पुरेत. पीडीएफ आणि साधा मजकूर दोन्ही द्या.

पत्त्याबाबत सावध राहा. २०१५ मध्ये नेट न्यूट्रॅलिटीवर, म्हणजे सगळ्या साइटना सारखीच वागणूक या प्रश्नावर, ट्राय या दूरसंचार नियामकाकडे १० लाखांहून जास्त ईमेल गेले आणि ट्रायने ते पाठवणाऱ्यांच्या ईमेल पत्त्यांसकट साइटवर टाकले. वेगळा ईमेल वापरा. घरचा पत्ता, फोन, मंडळातल्या माणसांची नावं मजकुरात घालू नका. ‘फोंडा तालुक्यातलं एक मंडळ’ पुरतं. पण मंडळाची परवानगी घ्या. गोष्ट त्यांची आहे.

तयार मजकूर सगळ्यांनी एकच पाठवायची पद्धत मला पटत नाही. ट्रायच्या वेळी संख्येचा उपयोग झाला खरा, पुढच्या फेब्रुवारीत नियम आपल्या बाजूने आला. पण तो प्रश्न प्रत्येकाच्या मोबाइलच्या बिलाचा होता. पायरसीविरोधी कायद्यावर दहा लाख लोक लिहिणार नाहीत. इथे पाचच पत्रं जाऊ देत: एक नाटकवाल्याचं, एक ग्रंथपालाचं, एक ॲप बनवणाऱ्याचं, एक दृष्टिहीन वाचकाचं, ज्याच्यासाठी पुस्तक ऐकता येईल अशा रूपात आणायची सूट कायद्यात आहे, आणि एक कॉलेजातल्या शिक्षकाचं. पाचांची पाच नुकसानं वेगळी, मागणीची ओळ एकच.

पाठवल्यावर पोच मिळाली नाही तर पुन्हा पाठवा आणि पाठवल्याची तारीख दिसेल असा स्क्रीनशॉट ठेवा. मुदत संपून महिना झाला की माहिती अधिकारात अर्ज करा, शुल्क १० रुपये, उत्तराला ३० दिवस: एकूण किती सूचना आल्या, अमुक कलमावर किती, आणि त्यावर मंत्रालयाने काय टिपण केलं. विधेयक मांडलं गेलं की मसुदा आणि विधेयक शेजारी ठेवून फक्त तेवढंच कलम ताडून बघा. शब्द बदलला असेल तर मंडळाला फोन करून सांगा. नसेल तर तेच पत्र, नवी तारीख घालून, स्थायी समितीला.